मूळ मजकूर

ओवीने कवटी पाठवली आणि आबांनी तीन दिवस ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही.

ही गोष्ट २०३६ सालची. प्रल्हाद कणसे, म्हणजे आबा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन कराडला एकटे राहत होते. मुलगी धनश्री नाशिकला शाळेत भूगोल शिकवायची. नात ओवी तेव्हा अकरावीत होती. आजी गेल्यानंतर आबांनीच या तिघांचा ग्रुप काढला होता. त्या दिवशी त्यांनी नवी टोपी घालून स्वतःचा फोटो टाकला आणि ओवीने त्याखाली कवटीचं चित्र पाठवलं. तिच्या वयाच्या मुलांत कवटी म्हणजे ‘हसून हसून मेले’, तेही लाडाने. आबांनी आयुष्यभर कवटी पाहिली होती ती विजेच्या खांबावर, धोक्याच्या पाटीवर.

उलटही व्हायचं. आबा ‘ठीक आहे.’ असं लिहून पूर्णविराम द्यायचे आणि ओवी आईला विचारायची, “आबा चिडलेत का गं? टिंब दिलंय त्यांनी.” धनश्री दोघांच्या मधे. तिच्या पिढीची तिसरीच तऱ्हा. लांब लेख न वाचताच पुढे पाठवायचे, सगळ्यांना अंगठा दाखवून मोकळं व्हायचं, आणि मनात जे खरंच खदखदतंय ते कुणाचं नाव न घेता स्टेटसला लावायचं.

कवटीच्या त्याच आठवड्यात शाळेतल्या एका मैत्रिणीने तिला ‘मेळ’ घ्यायला सांगितलं.

मेळ ही ग्रुपच्या मधोमध बसणारी यंत्रणा होती. भाषांतर करणारी यंत्रं तोवर जुनी झाली होती. त्यांच्या पोटात प्रत्येक वाक्य काही हजार आकड्यांच्या यादीत बदलतं. भूगोलाच्या बाईंना समजावं असं सांगायचं तर अर्थाच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश, फक्त दोनाऐवजी हजारो. ‘भूक लागली’ हे मराठीत म्हणा की जपानीत, नकाशावर त्याची वस्ती एकच. मेळ बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की या नकाशावर पिढीलाही एक दिशा असते. सत्तरीतल्या माणसाचं वाक्य आणि विशीतल्या मुलीचं त्याच अर्थाचं वाक्य यांच्यातलं अंतर दर वेळी साधारण एकाच बाजूला पडतं. मग लिहिणाऱ्याची दिशा वजा करायची, वाचणाऱ्याची मिळवायची आणि जिथे पोचू तिथून नवं वाक्य बांधायचं.

शिवाय मेळ माणूस शिकत जायचा. आबांचा जुना सगळा पत्रव्यवहार त्याने वाचला होता. त्यामुळे आबांनी अर्धंच लिहिलं तरी उरलेलं त्याला भरता येई. सुरुवातीला अशा भरलेल्या शब्दांखाली एक फिकट रेघ दिसायची. ती लोकांच्या डोळ्यांत खुपली. तक्रारी गेल्या आणि पुढच्या आवृत्तीत ती रेघ सेटिंगच्या आत कुठेतरी जाऊन बसली. मूळ मजकूर मात्र जपून ठेवलेला असे. ज्याने लिहिला त्याला स्वतःच्या फोनवर तो दिसे, दुसऱ्या कुणाला बघायचा तर लिहिणाऱ्याची परवानगी लागे. तशी परवानगी मागायची वेळ सहसा कुणावर आलीच नाही.

पहिल्याच दिवशी ओवीची कवटी आबांच्या फोनवर अशी पोचली: ‘आबा, टोपी फारच शोभते. बघून हसू आवरेना.’ आबांनी त्यावर सतरा ओळींचं उत्तर लिहिलं. ओवीला त्यातल्या दीड ओळी दिसल्या आणि तिला फार आवडल्या.

तीन वर्षं छान गेली. आबा रोज सकाळी नदीवर जायचे. नोकरीत त्यांनी बत्तीस वर्षं नदीची पातळी मोजली होती, ती सवय सुटली नव्हती. घाटाच्या किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजून ग्रुपवर कळवायचं, मग स्वयंपाकाला येणाऱ्या हौसाबाईंच्या हातच्या जेवणावर दोन शब्द, मग धनश्रीची चौकशी. धनश्रीची उत्तरंही आता लांब आणि मायेची येतात म्हणून आबा खूष. भांडणं थांबली. फोन कमी झाले. ‘फोनवर नीट ऐकू येत नाही, लिहीत जा,’ असं आबांनीच एकदा कळवलं होतं. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात धनश्री कराडला चार दिवस राहून आली, पेपर तपासायचे गठ्ठे बरोबर घेऊन. आबा गप्प गप्प होते. तिला वाटलं, वय झालं, निवळले.

२०३९ च्या ऑक्टोबरात ओवी दापोलीहून कराडला आली. ती तिथे शेतकीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि मधे पंधरा-वीस दिवस सुट्टी होती. आबांनी तिला दारातच जवळ घेतलं, तिचं डोकं कुरवाळलं. बोलले मात्र नाहीत.

“आबा तसे कमीच बोलतात हल्ली,” हौसाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. “मला कमी ऐकू येतं, ते कमी बोलतात. आमचं दोघांचं बरं चाललंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओवी आबांबरोबर नदीवर गेली. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. नदी गढूळ होऊन घाटावर चढली होती. आबांनी उभ्या उभ्या पायऱ्यांवरून नजर फिरवली, मग खिशातून फोन काढून एका बोटाने हळूहळू लिहिलं. ओवीचा फोन थरथरला.

‘नदी एकदम शांत आज, अकरा पायऱ्या दिसतायत, ऊन मस्त’

ओवी हसली. “आबा, अकरा कुठे? चारच तर आहेत. आणि शांत? केवढं पाणी आलंय!”

आबांनी तिचा फोन हातात घेतला, वाचला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी चार बोटं वर केली.

“चार,” ते म्हणाले. “मी… चार. ते… वरनं… ते सोडलं.” ‘पाणी’ हा शब्द समोर वाहत होता आणि त्यांच्या तोंडात येत नव्हता. त्यांनी हाताने नदी दाखवली.

“आबा, तुमचा फोन बघू?”

त्यांनी लगेच दिला नाही. मग दिला, आणि तोंड नदीकडे वळवलं.

त्यांनी लिहिलं होतं: ‘वर ते पाय पाय चार. सोडल वरन.’

ओवीने बोटाने पडदा वर सरकवला. काल, परवा, गेला आठवडा. सगळीकडे असंच. तिच्या फोनवरच्या अकरा पायऱ्या मेळाने मागच्या ऑक्टोबरांतून उचलल्या होत्या. मग ती आबांच्या शेजारी घाटावर बसली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, जणू वाईट बातमी तिची होती.

आईच्या शाळेच्या मधल्या सुट्टीत ओवीने तिला फोन लावला. धनश्री शिक्षकांच्या खोलीत डबा खात होती.

“आई, आबांना बोलता येत नाहीये.”

“घसा बसलाय का?”

“नाही. शब्द सापडत नाहीत त्यांना. लिहितानाही नाही.”

“काहीतरीच काय! काल तर केवढं लिहिलं मला. दहावीच्या वर्गाचं विचारलं, माझ्या गुडघ्याचं विचारलं…”

“ते त्यांनी नाही लिहिलं, आई.”

धनश्रीने डब्याचं झाकण लावलं. “म्हणजे काय?” तिने विचारलं, पण तोवर तिला समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कराडला पोचली. आबा पलंगावर बसले होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. “धना,” ते म्हणाले. तेवढं नाव अडखळलं नाही. मग बराच वेळ शोधून, “दमली,” असं म्हणून त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे बोट केलं.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, “आबा, तुम्ही लिहिलेलं सगळं मला वाचायचंय. मूळचं. तुम्ही परवानगी दिलीत तरच दिसेल.”

आबांनी फोन छातीशी धरला. “नको.”

“का?”

ते विचार करत राहिले. ओवीला वाटलं शब्द पुरवावा, पण काय पुरवायचं तेच तिला ठाऊक नव्हतं. शेवटी आबा म्हणाले, “तिथं… मी… नीट.”

बाहेर हौसाबाई भांडी घासत होत्या. ग्रुपवर आबा अजून धडधाकट होते. पायऱ्या मोजणारे, स्वयंपाकाला नावं ठेवणारे, सतरा ओळी लिहिणारे. तिथून त्यांना उठवायला लेक आली होती.

“डॉक्टरांना दाखवायला लागेल, आबा. कधीपासून आहे ते कळायला हवं.”

आबांनी मान डोलावली, मग तिच्या पर्समधून डोकावणाऱ्या फोनकडे बोट केलं. “तुझं पण.”

“माझं काय वाचायचंय त्यात?” ती हसून म्हणाली. आबा हसले नाहीत. तिने फोन काढला आणि परवानगीच्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यांनीही ठेवलं. खोलीत दोघं समोरासमोर बसून एकमेकांचं वाचायला लागले.

धनश्रीने सव्वा वर्षापूर्वीपासून सुरुवात केली. ऑगस्टमध्ये आबांनी लिहिलं होतं, ‘हौसाबाईने आज कांदा जास्त घातला. कळावे.’ ऑक्टोबरात: ‘हौसाबाईने आज ते जास्त घातलं, चिरताना रडू येतं ते.’ जानेवारीत: ‘बाईने ते. डोळा पाणी.’ तिच्या फोनवर मात्र तिन्ही वेळेला कांदाच आला होता. जो शब्द आबांच्या डोक्यातून निघून गेला, तो मेळाने त्यांच्या जुन्या पत्रांतून आणून जागेवर बसवला होता. न चुकता, न सांगता.

मग फेब्रुवारीतला एक मजकूर आला. लिहिताना पुष्कळ वेळ घेतला असावा, कारण तो जवळजवळ पूर्ण होता.

‘शब्द सापडत नाही. भीती वाटते. कुणाला दाखवू.’

त्याच तारखेला तिच्या फोनवर काय आलं होतं तेही शेजारी दिसत होतं: ‘हल्ली शब्दकोडं सुटत नाही, धाक वाटतो त्याचा! कुणाला दाखवू?’ आबा तीस वर्षं रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवत आले होते. मेळाला तेच सगळ्यात संभवनीय वाटलं होतं.

त्यावर धनश्रीने काय उत्तर दिलं होतं? तिने खाली पाहिलं. अंगठा.

तिने मान वर केली तेव्हा आबा तिच्याकडेच बघत होते. त्यांच्या फोनवर तेच पान उघडं होतं. वर तिचा मूळ अंगठा, खाली त्यांना मिळालेलं पत्र: ‘आबा, तुमच्यासारखा हुशार माणूस मी पाहिला नाही. हळूहळू सुटेल, घाबरू नका. मी आहे ना.’

आबा तो पडदा हळूहळू वर सरकवत गेले. ‘हं.’ ‘ओके.’ अंगठा. अंगठा. ‘बघते.’ अंगठा. आणि प्रत्येकाखाली चार-चार, सहा-सहा ओळींची माया. त्यांनी एका लांब पत्रावर बोट ठेवून फोन तिच्याकडे वळवला.

“हे… कोण?” त्यांनी विचारलं.

आबांना राग आला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. धनश्री उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडली. ओवी तिच्या मागोमाग गेली, पण आत न शिरता दारातच थांबली.

“तुझंही बघू का मी?” डोळे पुसत धनश्रीने विचारलं.

“बघ. शिव्या आहेत थोड्या.”

“मला?”

“तुला नाही. मेसच्या जेवणाला.” मग ती म्हणाली, “तुला पण आहेत एकदोन.”

धनश्रीला रडता रडता हसू आलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आबांना मिरजेला नेलं. तपासण्या झाल्या. मेंदूचे डॉक्टर सावकाश समजावून सांगणारे होते. मेंदूच्या डाव्या बाजूला शब्द शोधून आणणारा जो भाग असतो तो आबांच्यात हळूहळू झिजत चालला होता. याला अफेझियाचा एक सावकाश वाढणारा प्रकार म्हणतात. स्मरण शाबूत आहे, समज शाबूत आहे, माणसं ओळखतात, हिशेब येतो. फक्त वस्तूपासून शब्दापर्यंतची वाट बुजत चालली आहे. बरं करणारं औषध नाही, पण वाट लवकर बुजू नये म्हणून बरंच काही करता येतं.

“आधी आलो असतो तर?” धनश्रीने विचारलं.

“तर आधी सुरू केलं असतं,” डॉक्टर म्हणाले. याहून जास्त त्यांनी काही सांगितलं नाही, आणि कमीही नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या फरहाना मुजावर यांनी मात्र ते मूळ मजकूर मागून घेतले. सव्वा वर्षाचे, तारीखवार. कुठला शब्द कधी गेला, कुठला टिकून आहे, हे त्या दोन दिवस मांडत बसल्या. “नद्यांचे शब्द सगळ्यात शेवटी जातायत,” त्या आबांना म्हणाल्या. “आपण तिथूनच सुरुवात करू. चालेल?” आबांनी जोरात मान हलवली. त्यांनी आबांसाठी चित्रांची वही केली आणि घरच्यांना दोन गोष्टी बजावल्या. प्रश्न छोटे विचारा. आणि मधेच शब्द पुरवू नका, आधी त्यांना शोधू द्या.

“आणि मेळ?” ओवीने विचारलं. “बंद करायचा ना?”

फरहानाबाईंनी आबांकडे पाहिलं. “ते त्यांनी ठरवायचं.”

धनश्रीने कंपनीला कडक पत्र लिहिलं होतं. फिकट रेघ पुन्हा सगळ्यांना दिसू द्या, आणि माणसाचं मूळ लिहिणं बदलत चाललं तर घरच्यांना कळवा. उत्तर अतिशय समजूतदार आलं. ते माणसाने लिहिलं होतं की नाही हे तिला ओळखता आलं नाही.

आबांनी दोन दिवस घेतले. मग एका संध्याकाळी त्यांनी दोघींना बोलावलं, खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांचा ग्रुप उघडून दाखवला आणि म्हणाले, “हा… राहू दे.” तिथे सात म्हातारे रोज राजकारणावर भांडत. तिथे त्यांना अजून काही दिवस नीट असायचं होतं. मग त्यांनी तिघांचा ग्रुप उघडला, मेळाच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि तो स्वतः बंद केला. कुणाला काही समजावून सांगितलं नाही.

ओवी दापोलीला गेली. फरहानाबाई आठवड्यातून दोनदा पडद्यावरून शिकवू लागल्या. ते यंत्र लावून द्यायला हौसाबाई शिकल्या आणि फारच रुबाबात लावून देऊ लागल्या. धनश्रीने महिन्यातून दोन शनिवार-रविवार कराडचे ठरवले आणि नाशिकला परतली.

घरी पोचल्यावर तिने फोन हातात घेतला. पोचल्याचं आबांना कळवायला हवं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने लिहिलेलं जसंच्या तसं पोचणार होतं. तिने लिहिलं, ‘आबा, तुमच्यासारखा’, आणि खोडलं. ते मेळातल्या त्या दुसरीचं वाक्य होतं. तिने लिहिलं, ‘मला माफ करा’, आणि तेही खोडलं, कारण आबा त्यावर विचार करत बसतील आणि उत्तराला शब्द मिळणार नाही. ती बाल्कनीत जाऊन आली. चहा केला. वर्गात नद्यांची खोरी दीड तास सहज शिकवणाऱ्या बाईंना तीन वाक्यं जुळत नव्हती. त्या दुसरीला हे किती सोपं जायचं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

शेवटी तिने लिहिलं:

‘आबा, पोचले. एसटीत शेजारच्या बाईने माझ्या खांद्यावर झोप काढली, खांदा मोडला. गुडघा दुखतोय, चिडचिड होतेय. घरात दूध नाही. तुम्ही जेवलात का? काय केलं होतं?’

पाठवून झाल्यावर तिने पुन्हा वाचलं. फार कोरडं वाटलं. फोन उलटा ठेवून ती गठ्ठा तपासायला बसली.

चाळीस मिनिटांनी फोन वाजला. आबांनी जेवणाचं काही लिहिलं नव्हतं. फक्त दोन शब्द होते.

‘ही धना.’

त्यापुढे टिंब होतं. धनश्रीने ते दोन शब्द वाचले, लाल पेन टोपण लावून बाजूला ठेवलं आणि कराडला फोन लावला. तिकडून उचलला गेला. आबांचा श्वास ऐकू येत होता. ते शब्द शोधत होते. ती खुर्चीत मागे रेलून बसली आणि वाट पाहू लागली.